उबे हलाया: रंग राखाडी, पोत कणीदार आणि तळाला लागतोय

मोजमाप:

मनिलातल्या पालेंकेतून, म्हणजे इथल्या भाजीबाजारातून ताजा उबे, म्हणजे इथला जांभळा कंद, आणून हलाया, म्हणजे त्याचा दुधात आटवलेला गोड लगदा, केला. दोनदा केला, दोन्ही वेळा बिघडला. मापं जशीच्या तशी देतेय, चूक नेमकी कुठे आहे ते सांगा.

सालासकट 1 किलो उबे, कंडेन्स्ड मिल्कचा 390 ग्रॅमचा 1 डबा, इव्हॅपोरेटेड मिल्कचा (बिनसाखरेचं आटवलेलं दूध) 370 मिलीचा 1 डबा, बटर 115 ग्रॅम, साखर अर्धा कप, व्हॅनिला 1 छोटा चमचा.

कंद सोलून मोठमोठे तुकडे केले आणि भरपूर पाण्यात 20 मिनिटं उकडले. गरम असतानाच इव्हॅपोरेटेड मिल्क घालून ब्लेंडरमधून काढले. मग लोखंडी कढईत सगळं एकदम घालून मध्यम ते मोठ्या आचेवर 25 मिनिटं ढवळत राहिले.

कापताना गडद जांभळा असलेला कंद शेवटी राखाडी-निळसर झाला. जिभेला बारीक कण लागतात. दहाव्या मिनिटालाच तळाला लागायला लागलं आणि तपकिरी खपल्या सगळ्या मिश्रणात मिसळल्या. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्यावर चमचा रुतेना, आणि कडेने बटर सुटून गोठलं होतं. दुसऱ्या वेळी कंद लवकर मऊ व्हावा म्हणून उकडायच्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला, तर रंग चक्क हिरवट झाला.

आणखी दोन शंका. इव्हॅपोरेटेड मिल्क बरं की नारळाचं दूध? आणि बरण्या उकळून, झाकण घट्ट लावून महिनाभर फ्रिजबाहेर ठेवता येईल का?

उलथनं:

मापं ठीक आहेत तुमची. बिघाड पाण्यात, भांड्यात आणि आचेत आहे.

आधी रंग. उबेचा जांभळा रंग अँथोसायनिनचा असतो. हे रंगद्रव्य पाण्यात विरघळतं, त्यामुळे भरपूर पाण्यात उकडून ते पाणी ओतून टाकलं की रंगही मोरीत गेला. शिवाय ते आम्लात गुलाबी-लाल आणि अल्कलीत निळं-हिरवं होतं. सोड्याने नेमकं हेच केलं, त्यात कंदाचा काही दोष नाही. उलट बाजूने कालामानसी (इथलं छोटं लिंबू) पिळून रंग खुलवायचा सल्ला कुणी दिला तर तोही ऐकू नका: हलाया गुलाबी होतो आणि रस जास्त पडला तर दूध फाटतं. लोखंडी कढईचंही तेच. लोखंडाशी जुळलं की हे रंगद्रव्य निळसर-राखाडी दिसायला लागतं. इथे मोठ्या प्रमाणावर करणारे कावा वापरतात, तो मोठा आणि पसरट असतो, आणि घरी आपल्याला त्यातला पसरटपणाच उपयोगाचा आहे. जाड बुडाचं नॉनस्टिक किंवा स्टीलचं, 28 सेंटीमीटरच्या आसपास रुंद भांडं घ्या. अरुंद पातेल्यात पाणी आटायला दुप्पट वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात साखर करपते.

उकडू नका, वाफवा. कंद घासून धुवा, सालासकटच 5-6 सेंटीमीटर जाडीच्या चकत्या करा आणि 35 ते 45 मिनिटं वाफवा. साल नंतर सोला, हाताने निघते. कच्चा कंद सोलताना निघणाऱ्या चिकट रसाने बऱ्याच जणांच्या हाताला खाज सुटते, तीही अशाने टळते. शिजला की नाही हे सुरी खुपसून ठरवू नका, सुरी लवकर जाते आणि फसवते. एक चकती मधोमध मोडा. आत कुठेही काचेसारखा चकचकीत ठिपका दिसता कामा नये, सगळीकडे सारखा मऊ गर दिसला पाहिजे. हा ठिपका म्हणजेच तुमचे कण. मोठे तुकडे, 20 मिनिटं, म्हणजे मधला भाग कच्चा राहिला. एकदा साखर आणि दूध पडलं की तो कण पुढे तासभर ढवळला तरी मऊ होत नाही, कारण साखर पाणी धरून बसते आणि पिठूळ भागाला फुगायला मिळत नाही. इथे घाई केली तर पुढच्या कष्टांना अर्थ नाही.

आता आच. तळाला लागतं ते दुधातली साखर आणि कंडेन्स्ड मिल्कमधली साखर. सुरुवातीपासून सगळं एकत्र टाकल्यावर ती तळाशी बसून 25 मिनिटं भाजत राहते. तपकिरी खपल्या हा रंग बिघडायचा दुसरा मार्ग आहे, जांभळ्यात तपकिरी मिसळलं की मातकटच दिसतं. कडेने सुटलेलं बटर हेही आचेचंच लक्षण. साल जाऊन उरलेल्या साधारण 800 ग्रॅम कंदाला 115 ग्रॅम बटर काही फार नाही, पण मोठ्या आचेवर पाणी झपाट्याने उडालं की फॅट धरून ठेवायला काही उरत नाही आणि ते पाझरतं.

आणि घट्टपणा. गरम असताना तो तुम्हाला हवा तसा वाटला असणार, तिथेच फसलात. उबेत स्टार्च भरपूर, थंड झाल्यावर तो पुन्हा बांधला जातो. गरम हलाया आपल्याला हवा त्यापेक्षा नेहमी सैल असतानाच उतरवायचा.

पहिलंदूध:

उलथनं यांनी बिघाड सांगितले, मी माप देते. हे 500 ग्रॅम शिजलेल्या, किसलेल्या उबेला. 1 किलो कच्च्या कंदातून साल आणि खराब भाग जाऊन साधारण 750 ते 800 ग्रॅम मिळतो, उरलेला किस फ्रीझ करा.

किसलेला उबे 500 ग्रॅम, नारळाचं दाट दूध 400 मिली, कंडेन्स्ड मिल्क 390 ग्रॅम, बटर 60 ग्रॅम, मीठ पाव छोटा चमचा. वेगळी साखर नको. 390 ग्रॅम कंडेन्स्ड मिल्कमध्ये दुधाची साखर धरून 200 ग्रॅमच्या वर साखर असतेच. व्हॅनिलाही नको असं माझं मत, चांगल्या उबेला स्वतःचाच व्हॅनिलासारखा, थोडा सुक्यामेव्यासारखा वास असतो आणि वरून घातलेला अर्क तो झाकून टाकतो. मीठ मात्र वगळू नका, बटर खारं असेल तर निम्मं घाला.

सुरू करण्याआधी रिकामं भांडं उलथन्यासकट वजनकाट्यावर ठेवून आकडा लिहून ठेवा. याचं काम शेवटी पडतं.

भांड्यात निम्मं बटर वितळवा, किस आणि नारळाचं दूध घाला. मध्यम आच, 10 मिनिटं. या वेळात गुठळ्या उलथन्याने भांड्याच्या बाजूला दाबून मोडायच्या, कारण नंतर त्या मोडत नाहीत. कंडेन्स्ड मिल्क अजून आलेलं नाही, त्यामुळे तळाला लागायची भीती कमी असते आणि कंद दूध नीट पिऊन घेतो. दहाव्या मिनिटाला मिश्रण दाट लापशीसारखं सारखं झालं की कंडेन्स्ड मिल्क आणि मीठ घाला आणि आच मंद करा. इथून पुढे उलथनं थांबवायचं नाही. उलथनं सपाट कडेचं, लाकडी, लांब दांड्याचं हवं: विसाव्या मिनिटानंतर मोठे बुडबुडे फटफट फुटतात आणि मनगटावर उडालेला थेंब चिकटून भाजतो. गोल गोल फिरवण्यापेक्षा तळ खरवडत इकडून तिकडे ओढा, कोपरे धरून.

तिसाव्या मिनिटाच्या आसपास उलथन्याने तळावर रेघ ओढली तर ती दोन-तीन सेकंद उघडी राहते. उरलेलं बटर आता घाला. बटरने चकाकी येते आणि कडा सुटायला मदत होते. चाळीस मिनिटांच्या सुमारास मिश्रण कडा सोडून एका गोळ्यासारखं उलथन्यामागे फिरायला लागतं.

आता वजन. सुरुवातीला भांड्यात सुमारे 1350 ग्रॅम माल होता. पावावर लावायला मऊ हवा असेल तर 1050 ते 1100 ग्रॅमवर उतरवा. लानेराच्या साच्यात घालून वडीसारखा कापायचा असेल तर 950 ते 1000. कुणाची आच कशी, भांडं केवढं, यावर मिनिटं बदलतात. वजन बदलत नाही. काटा नसेल तर बशीवर चमचाभर घेऊन 5 मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा आणि थंड झाल्यावर कसा लागतो ते बघा. तेवढा वेळ गॅस बंद ठेवायचा हे लोक विसरतात.

नारळाचं दूध की इव्हॅपोरेटेड, याला एकच उत्तर नाही. डब्यातल्या दुधाचा हलाया इथे सर्रास होतो. त्याची चव खव्याकडे झुकते आणि रंग फिका, दुधाळ होतो. नारळाच्या दुधाने उबेचा वास जास्त पुढे येतो आणि रंग गडद राहतो, पण टिकतो कमी. इव्हॅपोरेटेडच वापरायचं असेल तर वरच्या मापात नारळाच्या दुधाऐवजी 370 मिलीचा एक डबा घाला आणि बटर 60 चं 85 ग्रॅम करा, कारण नारळाची फॅट गेली. बाकी कृती तीच.

मोजमाप:

वजनाची युक्ती आवडली. तीन प्रश्न राहिले. बाजारात कंद न कापता जांभळा आहे हे कसं ओळखायचं? ब्लेंडर वापरूच नये का, कारण किसायला हात भरून येतात? आणि हंगाम नसेल तेव्हा पावडरचं प्रमाण काय?

कंदमूळ:

कंदावर बोलतो.

उबे म्हणजे डायोस्कोरिया अलाटा, आपण ज्याला कोनफळ म्हणतो तीच प्रजाती. इथल्या बाजारात त्याच्याशी गल्लत होते ती दोन कंदांची. जांभळं कामोते, म्हणजे रताळं: त्याची साल पातळ आणि गुळगुळीत, चव जास्त गोड. दुसरा गाबी, म्हणजे अळूचा कंद: बाहेर आडव्या कड्या, आत पांढऱ्यावर जांभळ्या बारीक ठिपक्यांची नक्षी. उबेची साल झाडाच्या खोडासारखी खरबरीत आणि तपकिरी असते, मुळांचे तंतू चिकटलेले असतात. नखाने साल किंचित खरवडा, सालीखालचा थर जांभळा दिसला तर आशा आहे, पण तो थर गडद आणि आतला गर फिका अशीही जात असते. खात्रीचा उपाय म्हणजे विक्रेत्याला कापून दाखवायला सांगणं. मोठे कंद तसेही कापूनच विकले जातात. कापलेल्या तोंडावर ओला चिकट रस हवा. कोरडं, भेगाळलेलं किंवा तपकिरी पडलेलं तोंड म्हणजे कंद जुना. आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे.

कंद साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत निघतात. वासासाठी बोहोल बेटावरचा किनाम्पाय नावाजलेला आहे, तिथे त्याला उबी म्हणतात. (तिथे हातातून पडलेला कंद उचलून त्याचा मुका घ्यायची रीत आहे. कंदाचा मान राखायचा तो असा.) पण सगळा उबे गडद नसतो. काही जाती फिक्या, काही पांढऱ्या गराच्या, आणि चवीला त्या मुळीच कमी नाहीत. बागिओ शहरातल्या गुड शेफर्ड कॉन्व्हेंटचा उबे जॅम इथे सगळ्यांना माहीत आहे. 2019 मध्ये जांभळा कंद पुरेसा मिळेना तेव्हा त्यांनी पांढऱ्या उबेचा जॅम विकायला ठेवला होता. सांगायचा मुद्दा, हलाया फिका झाला म्हणजे तो बिघडला असं नाही. राखाडी झाला तर कृती तपासा, फिका झाला तर कंद.

गडदच हवा असेल तर किसाचा पाचवा भाग जांभळं कामोते मिसळा, म्हणजे 400 ग्रॅम उबेला 100 ग्रॅम. रताळ्यात पाणी आणि गोडी जास्त, त्यामुळे 5-7 मिनिटं जास्त आटवावं लागतं. त्याहून जास्त मिसळलं तर तो रताळ्याचा हलाया होतो. खाण्याचा जांभळा जेल रंग घालायचा तर दोन-तीन थेंब, चमचाभर कोमट दुधात कालवून, अगदी शेवटी. उबे फ्लेवरची छोटी बाटली मिळते तिच्यात वास आणि रंग दोन्ही असतात. अर्धा छोटा चमचा पुरे. जास्त झालं की औषधासारखं लागतं आणि हलाया फ्लुरोसंट दिसतो.

पावडर: आधी पाकिटावरचे घटक वाचा. फक्त उबे लिहिलेलं हवं. साखर, दुधाची भुकटी, स्टार्च असं काही असेल तर ते पेयासाठीचं मिश्रण आहे, त्याचा हलाया जमत नाही. शुद्ध पावडर 115 ग्रॅमला 350 मिली गरम पाणी. थोडं थोडं पाणी घालत कालवा, 20 मिनिटं झाकून ठेवा, मग मंद आचेवर 15 मिनिटं शिजवा. साधारण 450 ग्रॅम दाट लगदा होतो आणि तोच किसाच्या जागी वापरायचा. कोरडी पावडर सरळ कंडेन्स्ड मिल्कमध्ये टाकली तर ती कधीच नीट भिजत नाही, दाताखाली वाळूसारखी कचकचते. तुमच्या कणांची जी गोष्ट वर आली तीच इथेही आहे: पाणी आधी, साखर नंतर.

किसलेला गोठवलेला उबे पाव वाटतो त्याहून चांगला. रात्रभर फ्रिजमध्ये वितळू द्या आणि सुटलेलं पाणी फेकू नका, रंग त्यात आहे. पाकिटावर शिजलेला असं लिहिलं नसेल तर कच्चा समजून आधी 20 मिनिटं वाफवा. कच्चा उबे खायचा नसतो, हेही लिहून ठेवतो.

उलथनं:

वरच्या प्रतिसादात ‘पाव वाटतो’ काय आहे? 

कंदमूळ:

‘पाकीट पाहून वाटतो’ असं वाचा. मोबाइलवरून लिहिलं.

उलथनं:

ठीक. ब्लेंडरबद्दल माझं मत: गरम कंद कोरडाच ब्लेंडरमध्ये फिरवला की स्टार्चचे दाणे फुटतात आणि लगदा गोंदासारखा तार धरतो. तो पुढे आटवताना उलथन्याला चिकटून बसतो, आणि थंड झाल्यावर रबरासारखा लागतो. किसणीच्या बारीक बाजूने किसा, किंवा बटाटा दाबायच्या यंत्रातून काढा, किंवा चाळणीवर वाटीच्या बुडाने घासा. कंद कोमट असताना किसा. गार झाला की तो टणक होतो आणि हात भरून येतात ते त्यामुळेच. रात्री वाफवून सकाळी किसणं ही चुकीची वेळ.

पहिलंदूध:

अर्धं पटतं. कोरडा फिरवू नये हे बरोबर. पण किस पूर्ण गार करून, सगळं 400 मिली नारळाचं दूध घालून, तीन-चार वेळा थांबत थांबत एक-दोन सेकंद फिरवला तर तार धरत नाही आणि पोत लोण्यासारखा येतो. आइसक्रीमखाली किंवा केकमध्ये थर म्हणून घालायचा असेल तर मला तोच आवडतो. हालो-हालोवर (किसलेल्या बर्फाचा इथला गोड पदार्थ) गोळा म्हणून ठेवायचा तर मात्र किसलेलाच, थोडा दाणा जिभेला लागला पाहिजे. हा दाणा शिजलेला असतो, मऊ असतो. मूळ प्रश्नातला कण तो कच्चा. दोन्हींना लोक रवाळ म्हणतात म्हणून गोंधळ होतो.

उलथनं:

तीन-चार वेळा थांबत म्हटलंय म्हणून मान्य. लोक बटण दाबून फोन बघायला जातात.

बरणी:

बाकी सगळं वर आलंय, मी फक्त बरणीच्या प्रश्नाला उत्तर देते, कारण तो राहिला आणि तोच महत्त्वाचा आहे.

नाही. महिनाभर बाहेर ठेवता येणार नाही, आठवडाभरही नाही.

जॅम हे नाव फसवं आहे. फळांचा जॅम बाहेर टिकतो तो आम्ल आणि भरपूर साखर या दोन्हींच्या जोरावर. हलायात आम्ल जवळजवळ नाही, आणि वरच्या मापाच्या हलायात चाळीस टक्क्यांच्या आसपास पाणी राहतं. बोटुलिझमचे जंतू बीजाणूंच्या रूपात 100 अंशांच्या उकळत्या पाण्यातही तग धरतात. बरणी उकळून, झाकण लावून तुम्ही आतली हवा घालवता, आणि हवा नसलेली, आम्ल नसलेली, ओलसर जागा त्यांना हवीच असते. वास, रंग, चव यांवरून ते ओळखू येत नाही. घरच्या प्रेशर कुकरमध्ये बरण्या लावूनही हे सुटत नाही, कारण इतक्या दाट लगद्याच्या मध्यापर्यंत उष्णता पोचली की नाही याचा भरवसा नसतो. बाजारातल्या बंद बाटल्यांचा दाखला देऊ नका, त्यांच्याकडची यंत्रं आणि तपासण्या वेगळ्या असतात.

घरी करायचं ते असं. उतरवल्यावर पसरट, उथळ भांड्यात काढा, खोल बरणीत गरम भरू नका, मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे, उन्हाळ्याच्या उकाड्यात तासाभरात. वरून प्लास्टिकचा कागद थेट पृष्ठभागाला चिकटवा, नाहीतर साय धरल्यासारखी कडक कातडी येते. गार झाल्यावर स्वच्छ, कोरड्या बरणीत भरा. डब्यातल्या दुधाचा असेल तर फ्रिजमध्ये आठवडाभर, नारळाच्या दुधाचा चार-पाच दिवस. दर वेळी कोरडा चमचा. फ्रीझरमध्ये तीन महिने चांगला राहतो: 200-250 ग्रॅमचे चपटे पुडे करा. फ्रिजमध्येच वितळू द्या, मग भांड्यात 200 ग्रॅमला दोन मोठे चमचे दूध घालून मंद आचेवर घोटून घ्या. फ्रीझरमधून काढल्यावर तो भुसभुशीत होऊन पाणी सोडतो, घोटल्याने पुन्हा सांधला जातो. एकदा वितळलेला परत गोठवू नका.

मोजमाप:

बरणीचा बेत रद्द. पहिलंदूध यांच्या मापाने नारळाच्या दुधात केला, 980 ग्रॅमवर उतरवला, 43 मिनिटं लागली. कण नाहीत, रंग टिकला, तळाला लागलं नाही. लानेरात भरला होता, पण उलटा केल्यावर निम्मा साच्यातच राहिला. आणि वर लातिक घालायचं तर ते कसं करायचं? डब्यातलं नारळाचं दूध अर्धा तास आटवलं तरी तेल सुटेना.

पहिलंदूध:

आधी लातिक, कारण लानेराचं उत्तर त्यातच आहे.

उत्तरेकडच्या लुझोन बेटावर लातिक म्हणजे नारळाच्या दुधाचा तळलेला चोथा. मधल्या विसाया बेटांवर हाच शब्द नारळाच्या दुधाच्या आणि गुळाच्या दाट पाकाला वापरतात, त्यामुळे कृती शोधताना कोणत्या लातिकची आहे ते बघा. हलायावर घालतात ते पहिलं.

तेल सुटलं नाही कारण बहुतेक डबाबंद दुधात फॅट आणि पाणी वेगळं होऊ नये म्हणून स्टॅबिलायझर घातलेले असतात. ते त्यांचं काम चोख करतायत. घटकांत नारळ आणि पाणी एवढंच असलेला डबा घ्या, किंवा ताज्या खोबऱ्याचं काकांग गाता, म्हणजे पाणी न घालता किंवा अगदी थोडं घालून पिळलेलं पहिलं दूध. 400 मिली घेऊन मध्यम आचेवर उकळत ठेवा. 15-20 मिनिटांत पाणी उडतं, दूध फाटल्यासारखं दिसतं आणि तेल वर येतं. आच मंद करा आणि ढवळत राहा. पांढरा चोथा तेलात तळला जाऊन पिवळसर, मग बदामी होतो. बदामी झाला की लगेच गाळणीवर ओता. तांबूस होईपर्यंत थांबलात तर गरम तेलातच तो पुढे जाऊन कडू होतो. पाव कपाच्या आसपास लातिक मिळतं. वाढायच्या वेळीच वरून घाला, आधी घातलं तर हलायाची ओल पिऊन मऊ पडतं. लातिकचा कंटाळा असेल तर किसलेलं चीज घाला, खारट चीज आणि गोड उबे ही जोडी इथे पावातही भरतात.

गाळून उरलेलं तेल फेकू नका, तेच लानेराला लावायचं. लानेरा हा पत्र्याचा लंबगोल साचा, लेचे फ्लानचा (इथलं कॅरॅमल कस्टर्ड) असतो तोच. आत तेलाचा सढळ हात फिरवा, विशेषतः तळ आणि बाजू मिळतात त्या कोनात, तिथेच हलाया अडकतो. बटरही चालतं, पण त्यातल्या पाण्यामुळे कुठे कुठे चिकटतो. हलाया गरम असतानाच भरा, ओट्यावर दोन-तीनदा आपटून हवा काढा, तेल लावलेल्या चमच्याने वरून सपाट करा. कोमट झाल्यावर फ्रिजमध्ये किमान 4 तास. काढताना पातळ सुरी गरम पाण्यात बुडवून कडेने फिरवा, साचा अर्धा मिनिट गरम पाण्यात टेकवा, मग ताटलीवर उलटा. तरी निघाला नाही तर आपटू नका, परत अर्धा मिनिट टेकवा.

तुमचं 980 ग्रॅम साच्यासाठी बरोबर आहे, ते बदलू नका.

कंदमूळ:

एक भर. पांदेसालमध्ये (इथला छोटा मऊ पाव) सारण म्हणून भरायचा असेल तर 950 च्याही खाली, 920-930 ग्रॅमपर्यंत न्या. पाव भाजताना हलाया पुन्हा सैल होतो आणि सैल सारण तळाची शिवण उघडून बाहेर येतं. पूर्ण गार करून 20-25 ग्रॅमचे गोळे वळून फ्रीझरमध्ये अर्धा तास ठेवा, मग कणकेत भरा. आणि शिवण खाली करून ठेवा.

मोजमाप:

980 वाला उरलेला अर्धा आता पांदेसालसाठी परत आटवता येईल का, की नवीन करावा लागेल?

उलथनं:

येईल. दोन मोठे चमचे दूध घालून अगदी मंद आचेवर आधी सैल करा, मगच आटवा. थंड गोळा सरळ तापल्या भांड्यात टाकला तर मध्ये थंड राहतो आणि तळ करपतो. उरलेल्या हलायाचं आत्ताचं वजन करा आणि त्यातून सहा टक्के कमी होईपर्यंत आटवा, म्हणजे 490 ग्रॅम असेल तर 460 वर उतरवा. घातलेलं दूध त्याच्याआधी उडून जाईल, ते हिशेबात धरू नका.